सांगली वाढली, रस्त्यांचे जोड कुठे गेले?

आमराईकर
सांगलीचा नकाशा मोबाईलवर उघडा आणि आधी गावभागावर या. गणपती मंदिराकडून मारुती चौकात जायचं तर तीनचार वाटा सहज सापडतात. एका बोळात मांडव पडला तर दुसऱ्यातून, तिथं टेम्पो लागला असेल तर तिसऱ्यातून. बोळ अरुंद, वाकडे, पण प्रत्येक बोळ दुसऱ्या कशाला तरी जाऊन मिळतो. आता बोट सरकवत शंभर फुटी रस्त्यावर आणा, तिथून शामरावनगर, मग विश्रामबागच्या मागचा भाग, मग मिरज रस्त्याची दोन्ही अंगं. रस्ते रुंद होत जातात, सरळ होत जातात आणि एकमेकांना मिळायचे बंद होतात. मुख्य रस्त्यावरून एक गल्ली काटकोनात आत शिरते, दोनतीनशे मीटर जाते, संपते. शेजारी तशीच दुसरी, तिच्या शेजारी तिसरी. कंगव्याचे दात नुसते. दाताच्या टोकाला राहणाऱ्याला शेजारच्या दाताच्या टोकाला जायचं असेल तर बाहेर मुख्य रस्त्यावर या, वळा आणि परत आत शिरा.

हे आपल्याकडंच आहे असं नाही. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या दोघांनी ओपनस्ट्रीटमॅपवरचे जगभरातले रस्ते घेतले, कुठला भाग कधी वसला ते उपग्रहाच्या चित्रांवरून लावलं, आणि रस्ते एकमेकांना किती जोडलेले आहेत ते मोजलं. २०२० साली ते प्रसिद्ध झालं. मोजायची रीत तशी सोपी: चौकाला चार फाटे, तिठ्याला तीन, बंद गल्लीच्या टोकाला एक. सरासरी जितकी खाली, तितकं शहर तुटक. शिवाय सरळ रेषेतलं अंतर किती आणि रस्त्यानं किती पडतं, तेही बघतात. सर्वाधिक लोकसंख्येच्या १३४ देशांपैकी ९० टक्के देशांत १९७५ नंतरच्या नव्या वस्त्यांतले रस्ते आधीपेक्षा कमी जोडलेले निघाले. २००० नंतर सुधारणा दिसली ती फक्त २९ टक्के देशांत.

आणि पसरण्याचं म्हणाल तर आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचं क्षेत्र ११८ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेत लोक पाच लाखांच्या थोडे वर. कोल्हापुरात साडेपाच लाखांच्या आसपास लोक ६६.८२ चौरस किलोमीटरमध्ये. म्हणजे एका चौरस किलोमीटरला आपण सव्वाचार हजार, ते आठ हजारांवर. (कोल्हापूरची हद्द वर्षानुवर्षं वाढलेली नाही आणि त्यांचा पसारा हद्दीबाहेरच्या गावांत गेलाय, हे मान्य. उगाच कोल्हापूरकरांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं नाही.)

माझं म्हणणं एवढंच, की आपण सतत रुंदीकरणाबद्दल भांडतो. रस्ता साठ फुटी करा, ऐंशी फुटी करा. पण रुंदीपेक्षा जोड तुटलेत हे मूळ दुखणं आहे. तुमच्या भागात काय परिस्थिती?

हरभट
जोड नंतर बघू. आधी आहेत त्या रस्त्यातले खड्डे जोडले तरी पुष्कळ झालं.

मोजणीवाला
आमराईकर, कंगवा कसा तयार झाला ते सांगतो. आयुष्य भूमी अभिलेखात गेलं, आता निवृत्त आहे.

तुम्ही म्हणता तो सगळा भाग काळ्या रानाचा. मूळ सर्व्हे नंबर मोठे होते. वाटण्या होत गेल्या तसे हिस्से पडले, आणि वाटणी करताना प्रत्येक भावाला रस्त्याला तोंड हवं असतं. म्हणून रान आडवं कापत नाहीत, उभं कापतात. तीन पिढ्यांत झाल्या लांबच लांब पट्ट्या: तोंड मुख्य रस्त्याला, शेपूट ओढ्याला. अशा पट्टीच्या मालकानं प्लॉट पाडायचे ठरवले की त्याच्याकडं दुसरा मार्गच नसतो. मधोमध एक रस्ता, दोन्ही बाजूंना गुंठे. रस्ता बांधाला जाऊन भिडला की संपला. बांधापलीकडचा शेतकरी त्या वेळी ऊस लावत असतो, त्याला काय पडलंय. दहा वर्षांनी तोही प्लॉट पाडतो, तोवर अलीकडच्या मालकानं रस्त्याच्या तोंडावरचा शेवटचा तुकडासुद्धा कुणाला तरी विकलेला असतो.

हे कायदेशीर लेआउट नव्हते, हे लक्षात घ्या. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळं शेतजमिनीचा असा लहान तुकडा विकता येत नव्हता. मग स्टॅम्पपेपरवर नोटरी, नाहीतर सामाईकात सातबाऱ्यावर नावं. ही गुंठेवारी. मध्यमवर्गाला, गिरणीतल्या, एमआयडीसीतल्या कामगाराला परवडेल असा प्लॉट दुसरीकडं कुठं मिळत नव्हता, म्हणून ती वाढली. मी तिला शिव्या घालणार नाही. माझंही घर दीड गुंठ्यात आहे.

२००१ साली गुंठेवारीचा कायदा आला. १ जानेवारी २००१ पर्यंतचे प्लॉट शुल्क भरून नियमित करायचे. २०२१ ला दुरुस्ती होऊन ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढं आली. लोकांना घरं कायदेशीर झाल्याचं समाधान मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. पण नियमित काय झालं? प्लॉट, आहे त्या गल्लीसकट. एका गल्लीची दुसऱ्या गल्लीशी गाठ घालायची जबाबदारी त्या कागदावर कुणाच्याच नावानं नाही.

मिरजेची_सई
मोजणीवाला काका, तुम्ही वर्णन केलंय ती अगदी आमचीच गल्ली.

आमच्या गल्लीच्या टोकाला सहा फुटी विटांची भिंत आहे. पलीकडं दुसरी कॉलनी, तिथं मुलाची शाळा. गच्चीवरून शाळेचं मैदान दिसतं, प्रार्थना सुरू झाली की घरात ऐकू येते. रस्त्यानं मात्र बाहेर मिरज रोडला या, रिक्षांच्या गर्दीतून सिग्नल ओलांडा आणि पुढच्या कमानीतून आत शिरा, दीड किलोमीटरच्या वर. आठवीतल्या पोराला त्या रस्त्यावर सायकलनं पाठवायची माझी हिंमत होत नाही, म्हणून स्कूटी काढते. गल्लीतल्या सगळ्या आया काढतात. म्हणजे जी मुलं दोन मिनिटांत चालत गेली असती, त्यांच्यासाठी सकाळी तेवढ्याच गाड्या मिरज रोडवर. आणि आपणच म्हणायचं, "काय बाई ट्रॅफिक वाढलंय!"

मग एक दिवस कुणीतरी भिंतीच्या कोपऱ्यातल्या वरच्या विटा काढल्या. कुणी ते सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही. अलीकडून सिमेंटचा ठोकळा, पलीकडून जुन्या पाट्याचा दगड, अशी पायरी झाली. कामाला येणाऱ्या मावशी साडी सावरत तिथून ये-जा करतात. दूधवाला किटली आधी पलीकडं ठेवतो आणि मग स्वतः उतरतो. मुलं सायकल उचलून देतात, एक इकडून एक तिकडून. पलीकडच्या कॉलनीनं विटा परत बसवल्या, पुन्हा निघाल्या. आता तिथं वर काचा लावल्यात. मावशी काचांवर पोतं टाकतात.

कॉलनीकर
सई ताई, राग मानू नका, पण मी भिंतीच्या पलीकडच्यांपैकी आहे. तुमच्याच नव्हे, अशाच एका भिंतीच्या.

आम्ही प्लॉट घेतला तो रस्ता बंद आहे म्हणूनच. जास्त पैसे मोजून. संध्याकाळी पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळतात, म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसतात. उद्या भिंत पाडली की मुख्य रस्त्यावर तुंबलेली प्रत्येक गाडी आमच्या दारातून शॉर्टकट मारणार. वाळूचे डंपर येणार. नऊ मीटरचा रस्ता आहे, त्यात दोन्ही बाजूंना आमच्याच गाड्या उभ्या. चोऱ्यांचं तर बोलूच नका, एकच तोंड असलं की अनोळखी माणूस लगेच कळतो.

नकाशावर रेषा जोडायला काय जातंय. शेवटी ज्याच्या दारातून ती रेषा जाते त्यालाही काही म्हणायचं असतं.

रेखांकन
कॉलनीकर, तुमची भीती खोटी नाही. नगररचनेच्या अभ्यासात हा वाद फार जुना आहे आणि बंद गल्लीची कल्पना निघाली तीच मुळी मोटारीच्या भीतीतून. अमेरिकेत न्यू जर्सीत रॅडबर्न नावाची वसाहत १९२९ मध्ये बांधायला घेतली. घरांसमोर बंद गल्ल्या, म्हणजे गाडी आत येईल पण आरपार जाणार नाही. मात्र घरांच्या मागच्या बाजूनं बागेतून पायवाटांचं वेगळं जाळं. पोरगं गाडीचा रस्ता न ओलांडता शाळेत जाऊ शकत होतं. पुढं अमेरिकेत उपनगरं वाढली तेव्हा बिल्डरांनी रॅडबर्नच्या बंद गल्ल्या उचलल्या आणि पायवाटा सोडून दिल्या, कारण पायवाटेच्या जागेत प्लॉट बसतो.

आमराईकरांनी वर सांगितलेल्या त्याच दोन अभ्यासकांनी अमेरिकेचा वेगळा अभ्यास २०१५ मध्ये केला होता. त्यात तिथल्या नव्या वस्त्यांचा तुटकपणा १९९४ च्या सुमारास शिगेला पोचून मग उतरणीला लागलेला दिसतो. म्हणजे हे दैवानं लिहून ठेवलेलं नाही, बदलतं. व्हर्जिनिया राज्यानं २००९ ला नियमच केला, की शेजारच्या वस्तीला रस्ता जोडून दिला नाहीत तर तुमच्या अंतर्गत रस्त्यांची देखभाल सरकार अंगावर घेणार नाही. बिल्डरांनी बोंब मारल्यावर पुढं तो सैल केला, ती गोष्ट वेगळी.

पण तुमच्या प्रश्नाला उत्तर जर्मनी, डेन्मार्कमध्ये सापडतं. तिथं गाडीला बंद असलेल्या कितीतरी गल्ल्या पायी आणि सायकलला उघड्या असतात. तुमची भिंत अख्खी पाडायची गरज नाही. दीड मीटरची फट ठेवा, मधे लोखंडी खांब रोवा. डंपर येणार नाही, सईताईंचा मुलगा येईल. क्रिकेटही चालू राहील, उलट टीमला दोन पोरं जास्त मिळतील.

आणि "एकच तोंड सुरक्षित" यावर एक प्रश्न: त्या एका तोंडावर गॅसची गाडी पेटली तर? अग्निशमनचा बंब कुठून आणणार?

अजून एक, ज्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. पाण्याची लाईन रस्त्याखालूनच जाते. रस्ता टोकाला बंद म्हणजे पाईपही टोकाला बंद. तिथं पाणी खेळतं राहत नाही, गाळ साठतो आणि दाब सगळ्यात कमी. शेवटच्या चार घरांना गढूळ पाणी का येतं, याचं अर्धं उत्तर इथं आहे. दोन गल्ल्यांचे पाईप टोकाला जोडले की दोन्हीकडून दाब मिळतो, आणि दुरुस्तीला एक बाजू बंद केली तरी दुसरीकडून पाणी चालू राहतं.

हरभट
शेवटच्या चार घरांतलं एक माझं. खड्ड्यांवरचं विधान तात्पुरतं मागं घेतो.

कुपवाडी_बाणा
आमच्याकडं उलटं हाय. एमआयडीसीतले रस्ते चांगले आखलेले, चौक बिक सगळं. बाहेर पडलं की बोंब. चिंतामणीनगरचा रेल्वे पूल नवा बांधायला पाडला तेव्हा कळलं किती जोड हायत ते. माधवनगर, बुधगावची माणसं सांगलीत यायला कुठनं कुठनं वळसा घालून यायची. एक पूल गेला तर अख्खं अंग लुळं. शिफ्टची पोरं उशिरा, मुकादम ऐकून घेत नव्हता.

रेल्वे, नदी, ओढे या गोष्टी हलत नाहीत. त्यांच्यावरनं जायला दोन ठिकाणं तरी पायजेत, एवढं तर शाळेतलं पोरगं पण सांगंल.

खणभागातली_काकू
सगळ्यांचं वाचते आहे. मी नकाशा काही जाणत नाही, पण पूर बघितलाय. २००५ चा, २०१९ चा आणि २०२१ चा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमच्या खणभागात पाणी येतं हे आम्हाला ठाऊक असतं, कुठल्या बोळात आधी येतं तेही ठाऊक. एक बोळ भरला की दुसऱ्यातून निघायचं, चढाकडं सरकत जायचं. सामान वरच्या मजल्यावर, आम्ही नणंदेकडं विश्रामबागला, असा रिवाजच आहे.

पण आमची धाकटी जाऊ नव्या भागात राहते, सखल जागा. तिच्या गल्लीत पाणी नदीकडून दिसत आलंच नाही, नाल्यातून उलटं फिरून गल्लीच्या तोंडाकडून आत शिरलं. म्हणजे बाहेर पडायची वाट होती तीच आधी बुडाली आणि मागं दुसऱ्या कॉलनीचं कंपाऊंड. पलीकडची जागा चांगली हातभर उंच, कोरडी, दिसत होती डोळ्यांना. शेवटी पलीकडच्याच पोरांनी पहार आणून भिंतीला भगदाड पाडलं आणि त्यातून म्हाताऱ्या सासऱ्यांना खुर्चीत बसवून उचलून नेलं. कंपाऊंड कुणाचं, परवानगी कुणाची, असं त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

पूर ओसरला, घरं धुऊन झाली आणि दिवाळीच्या आत भगदाड बुजवलं. नवं प्लास्टर, वर रंग.

खालचा_रस्ता
साताऱ्याहून डोकावतोय. आमचं जुनं गाव अजिंक्यताऱ्याच्या उतारावर. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत एक राजपथ, एक खालचा रस्ता, आणि दोघांना जोडणारे उतरते बोळ ठिकठिकाणी. चढून दम लागतो, पण पेठेतला माणूस हवा तिथून हव्या तिथं चालत जातो. वरचा रस्ता मिरवणुकीनं बंद झाला की सगळं खालून. शिवाजीच्या नातवाच्या, म्हणजे शाहूंच्या काळात राजधानी खाली वसली तेव्हापासूनचा हा सांगाडा आहे. वाडे पडले, अपार्टमेंटं झाली, बोळ तिथंच आहेत. इमारतीचं आयुष्य पन्नास-साठ वर्षं धरा. रस्ता एकदा पडला की पुढच्या दहा पिढ्यांना त्याच्यावरूनच चालायचंय.

२०२० ला हद्दवाढ होऊन शाहूपुरी, विलासपूर वगैरे भाग नगरपालिकेत आले. ते भाग ग्रामपंचायतीच्या काळात जसे वाढले तसे वाढले. तिथं कंगवाच आहे, पण आमचा डोंगराळ कंगवा. दोन दातांच्या मध्ये ओढा, नाहीतर पंधरा फुटांचा उंचवटा. रेखांकन साहेब, तिथं फट ठेवून भागेल का? पायऱ्या बांधाव्या लागतील. पण गोडोलीतल्या माणसाला पायऱ्यांचं काय भय.

पोवई नाक्याला ग्रेड सेपरेटर झाला. चांगलाच झाला, पण सगळे रस्ते एकाच नाक्यावर आणून ओतायचे आणि मग त्या नाक्याच्या पोटात भुयार खणायचं, हा उपाय महाग पडतो.

आमराईकर
खालचा_रस्ता, आमच्याजवळच एक उलटं उदाहरण आहे. नदीपलीकडं जयसिंगपूर. शाहू महाराजांनी, म्हणजे कोल्हापूरच्या, व्यापारी पेठ म्हणून आखून वसवलं. सरळ रस्ते, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या, गल्ल्यांना नंबर. पत्ता सांगताना "सातवी गल्ली" एवढं पुरतं. शेतं विकत जाऊन शहर झालेलं नाही, आधी रस्ते आखले आणि मग प्लॉट दिले. क्रम तेवढा वेगळा. आज तिथंही जुन्या आखणीच्या बाहेर पडलं की आपलंच चित्र दिसतं, हेही खरं.

कॉलनीकर
राजानं गाव वसवलं तेव्हा सगळी जमीन त्याच्या हुकमात. आता लोकशाही आहे. माझ्या प्लॉटमधून रस्ता काढायचा तर मोबदला कोण देणार? डीपीतले, म्हणजे विकास आराखड्यातले रस्ते वीस-वीस वर्षं कागदावरच राहतात ते त्याच्यामुळंच.

रेखांकन
बरोबर पकडलंत. विकास आराखड्यात रस्ता दाखवणं सोपं, जमीन ताब्यात घेणं कठीण. पालिकेकडं रोख नसते, टीडीआर, म्हणजे पैशाऐवजी दुसरीकडं जादा बांधकामाचा हक्क, घ्यायला मालक राजी नसतो. शिवाय आराखड्यात येतात ते मोठे रस्ते. दोन लेआउटमधला दहा मीटरचा तुकडा त्या नकाशाच्या प्रमाणात दिसतसुद्धा नाही.

याला गुजरातनं वापरलेला मार्ग म्हणजे टीपी, टाऊन प्लॅनिंग स्कीम. गंमत अशी की कायदा मूळचा आपल्याच मुंबई इलाख्यातला, १९१५ सालचा. शंभर-दोनशे एकरांतल्या सगळ्या मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या. प्रत्येकाकडून ठरावीक हिस्सा रस्ते, बागा, शाळा यांसाठी काढून घ्यायचा. उरलेली जमीन ज्याची त्याला, जुन्या जागेच्या आसपासच, पण चौकोनी करून आणि रस्त्याला तोंड देऊन परत करायची. क्षेत्र कमी होतं, किंमत वाढते. मोजणीवाला काकांची ती लांब शेपटी पट्टी तिथंच मोडते, कारण हद्दीच नव्यानं पडतात. अहमदाबादच्या ७६ किलोमीटरच्या रिंग रोडला जागा मिळाली त्यात टीपी स्कीमचा मोठा वाटा आहे. पुण्याजवळ म्हाळुंगे-माण भागात पीएमआरडीएनं, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं, तीच पद्धत हाती घेतली.

पण यात एक अट आहे. घरं उभी राहण्याआधी करायला लागतं. शामरावनगरात आज टीपी स्कीम करणार म्हणजे कुणाच्या स्वयंपाकघरातून रेघ ओढणार? जिथं अजून ऊस आहे तिथं करा. मिरजेच्या पुढं, कुपवाडच्या मागं, बायपासच्या अंगाला अजून रान शिल्लक आहे. आज तिथं पहिला प्लॉट पाडणारा माणूस पुढच्या शंभर वर्षांचा नकाशा ठरवतोय, आणि त्याच्या मनात फक्त यंदाची विक्री आहे.

हरभट
तोच माणूस परवा आमच्याकडं निवडणुकीचं पत्रक वाटून गेला.

मिरजेची_सई
😀 हरभट, नाव नको, गट नंबर तेवढा सांगा.

रेखांकन, पुढच्या शंभर वर्षांचं कळलं. झालेल्या भागात काय करायचं ते सांगा. आमच्याकडं शहर बस म्हणजे एसटीची, ती मुख्य रस्त्यावरूनच जाते. टोकाच्या घरातल्या माणसाला बसथांब्यापर्यंत एवढं चालायला लागतं की तो वडापच्या जीपपर्यंत पण जात नाही, सरळ गाडीला किक मारतो. घंटागाडी आत येते ती उलटी मागं मागं जात बाहेर पडते, कारण वळायला जागा नाही, आणि ड्रायव्हर मागं बघतोय की नाही याची भीती वेगळीच.

मोजणीवाला
सई, झालेल्या भागात एक जागा शोधण्यासारखी आहे: पाणंद.

रान होतं तेव्हा हा मुलूख तुटक नव्हता. बैलगाडीला बांधापर्यंत जावंच लागायचं, त्यामुळं पाणंदींचं जाळं होतं आणि ते मूळ गावनकाशावर आहे. दुबार तुटक रेघ असेल तर गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. या वाटा कुणाच्या खासगी नव्हेत. बिगरशेती होत गेलं तसं दोन्ही बाजूंच्यांनी फूटफूट सरकत त्या गिळल्या. कुठं कंपाऊंड, कुठं गोठा, कुठं देऊळ. देवळाला हात लावायला कुणी धजत नाही, हे बांधणाऱ्याला ठाऊक असतं.

शेतकऱ्याला अजून कायद्याचं बळ आहे. रानात जायला वाट नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तो तहसीलदाराकडं जातो, बांधावरून वाट मागतो. असलेली वाट कुणी अडवली तर १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे. म्हणजे उसाची गाडी जावी म्हणून १९०६ पासून सोय आहे. त्याच रानात प्लॉट पडल्यावर पोराला शाळेत जायला बांध ओलांडून वाट मागायची, तर अशी सुटसुटीत तरतूद नाही.

म्हणून मी सांगतो, आधी कागद बघा. तीन शक्यता असतात. भिंतीची जागा जुन्या पाणंदीत येत असेल, तर ते सरळ अतिक्रमण. मंजूर लेआउटच्या रस्त्यावर भिंत असेल, तर रस्ता पालिकेकडं हस्तांतरित झालाय का ते बघायचं. झाला असेल तर सार्वजनिक रस्त्यावर भिंत घालायचा अधिकार सोसायटीला नाही. आणि गुंठेवारीतला शेवटचा तुकडा कुणाच्या नावावर विकला गेला असेल, तर मात्र बोलणी करूनच मिटवायला लागेल. अशा वेळी पलीकडची खुली जागा, लेआउटमध्ये सोडावी लागते ती दहा टक्के, भिंतीला लागून आहे का तेही बघा. असेल तर बागेतून पायवाट काढायला माणसं लवकर तयार होतात.

कॉलनीकर
खुल्या जागेतून पायवाट चालेल. रात्री दहा ते सकाळी पाच फाटक बंद, असं ठरलं तर मी आमच्या मीटिंगमध्ये विषय मांडतो. दुचाकी नाही हं, आधीच सांगतो. एक बुलेट गेली की सगळे माझ्या दारात.

खणभागातली_काकू
आणि फाटकाची एक किल्ली अलीकडच्या बाजूलाही द्या हो. पाणी काय वेळ बघून येतं का?

मिरजेची_सई
काका, नकाशा कुठं मागायचा? सातबारा ऑनलाईन काढलाय, त्यात रस्त्याचा काही उल्लेख नाही.

मोजणीवाला
जुनी वाट सातबाऱ्यावर सहसा सापडायची नाही, तो मालकीचा आणि पिकाचा कागद. मिरजेला भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कचेरीत अर्ज द्या. गावनकाशाची नक्कल आणि तुमच्या सर्व्हे नंबरचा फाळणी नकाशा (हिस्से कसे पडले ते दाखवणारा), दोन्ही मागा. अर्जात जुना सर्व्हे नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर दोन्ही घाला, नाहीतर परत पाठवतात. त्याच दिवशी महापालिकेच्या नगररचना विभागात पलीकडच्या कॉलनीच्या मंजूर रेखांकनाची प्रत मागा, नाही म्हणाले तर माहिती अधिकारात टाका. हाती आलं की इथं टाकू नका, लोकांची नावं असतात त्यावर. मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, मोजपट्टी लावून सांगतो भिंत कशात येते ते.

हरभट
काका, माझ्या गल्लीचं पण बघा की. नंबर पाठवतोय. चहा माझ्याकडं, पाणी गढूळ असलं तरी उकळून देतो.